आठवी नस

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी कवटी उलटी धरली.

माणूस सरळ उभा असताना डोकं जसं असतं तशी कवटी हातात धरून दाखवायची, हा शरीररचनेच्या परीक्षेतला पहिला आणि सगळ्यात सोपा प्रश्न. विद्यार्थ्याची भीती जावी म्हणूनच तो विचारतात. माझ्या हातात कवटी आली ती तळ वर करून, आणि मी ती तशीच धरून उभी राहिले. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. तळाच्या एका लंबगोल छिद्रात त्यांनी झाडूची काडी घातली आणि इंग्रजीत विचारलं, "यातून काय जातं?"

मला येत होतं. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातल्या पाचवीची तिसरी फांदी त्या छिद्रातून खाली जबड्याकडे जाते. पुस्तकातलं ते डाव्या हाताचं पान आणि त्याच्या कोपऱ्यातला चहाचा डागसुद्धा मला डोळ्यांपुढे दिसत होता. पण घरात अहिराणी, सातवीपर्यंत आमच्या लिंबायत वस्तीतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी, बारावीपर्यंत गुजराती, आणि आता इंग्रजी. उत्तर कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत न्यायचं, या धावपळीत ते हातचं सुटलं. परीक्षकांनी काडी दुसऱ्या छिद्रात घातली. मग तिसऱ्या. मी त्यांच्या बोटांतल्या अंगठीकडे बघत राहिले. चौथ्या वेळी त्यांनी काडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "जा, बेटा."

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. निकाल फळ्यावर लागला तेव्हा माझा नंबर तिथे नव्हता. बरोबरीच्या मुली पांढरे ॲप्रन कडक इस्त्री करून वॉर्डात जायला लागल्या. आम्ही मागे राहिलेले सहा-सातजण सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसणार होतो. आमच्या गल्लीतून मेडिकलला गेलेली मी पहिलीच मुलगी. प्रवेश मिळाला त्या दिवशी आबांच्या खात्यातले कारीगर पेढे मागायला घरी आले होते. खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. तिथे आबा, माझे वडील, वीस वर्षं माग चालवत होते.

मी घरी सांगितलंच नाही.

रोज सकाळी ॲप्रन पिशवीत घालून निघायचे. पहिले काही दिवस कॉलेजात गेले, पण जिन्यात ओळखीचं कुणी दिसलं की मी आल्या पावली मागे वळायचे. मग जाणं सोडलं. स्टेशनच्या पलीकडे म्युनिसिपालिटीची एक बाग होती. तिथे पाण्याच्या टाकीमागे एक बाक होता, त्यावर मांडीत पुस्तक ठेवून बसायचे. पुस्तक उघडं असायचं, पण एकच ओळ दहा-दहा वेळा वाचायचे. संध्याकाळी घरी गेल्यावर माय विचारायची, "काय शिकवलं आज?" मी काहीतरी सांगायचे. मला त्या दिवसांत खरंच वाटायचं की कुणीतरी मला रुळांवर ढकलून द्यावं, म्हणजे आपण होऊन काही करायला नको. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

एका दुपारी मी बाकाकडे गेले तर तिथे आबा बसले होते. मांडीवर डबा उघडा होता आणि ते एकटे भाकरी खात होते.

मला पळून जाता आलं असतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पण दुपारी एक वाजता आबा बागेत कसे, या विचाराने मी तिथेच थबकले.

"आबा," मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते एवढे दचकले की डबा उलटायचाच राहिला.

ते माझ्या पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कॉलेज?"

"खातं?" मी विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. शेवटी त्यांनी सांगितलं. महिना झाला होता काम जाऊन. मागांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे कारीगर ओठ बघून, हातवारे करून बोलतात. म्हणून आबांचे कान गेलेत हे तिथे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते उघडं पडलं लाईट गेली तेव्हा. सगळे माग एकदम थांबले. शेठ मागे उभे राहून आबांना हाका मारत होते. साऱ्या शेडने त्या हाका ऐकल्या आणि आबा धागा जोडत राहिले. शेठना आधी वाटलं हा माजलाय. मग कळलं. आग लागली, कुणी ओरडलं, तर तू काय ऐकणार, असं म्हणून त्यांनी दुसरा माणूस घेतला.

घरी आम्ही सगळेच मोठ्याने बोलायचो. माग चालवणाऱ्यांच्या घरांत तशी सवयच असते. त्यामुळे आम्हालाही कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

"मी नापास झाले," मी म्हणाले.

"काय?"

"नापास झाले, आबा."

त्यांनी कानामागे हात धरला. मी ओरडले, "नापास! नापास झाले मी!" टाकीपाशी पाणी पिणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. तोपर्यंत तो शब्द मी मनातसुद्धा नीट उच्चारला नव्हता. बोलले आणि रडू फुटलं. आबांनी डबा बंद केला, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चाल घर."

माय साड्यांचे धागे कापत बसली होती. बाजारातून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, मागे लोंबणारे धागे कात्रीने साफ करायचे, हे तिचं काम. आम्ही दोघांनी एकापाठोपाठ एक सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. कात्री चालूच होती. थोड्या वेळाने ती थांबली, तेव्हा एका नव्या साडीचा काठ मधोमध कापला गेला होता. ती त्या काठाकडे बघत म्हणाली, "म्हणजे दोघंही रोज माझ्याकडून डबा भरून घेत होतात."

दुसऱ्या दिवशी मी वरच्या वर्षातल्या एका मुलीकडून कवटी मागून आणली. तिला ती आता लागत नव्हती. वरची टोपी करवतीने कापून बाजूच्या हुकांनी पुन्हा बसवलेली, पुढचे दोन दात नाहीत, कपाळावर कुणाचा तरी रोल नंबर शाईने लिहिलेला. आमची एकच खोली. कवटी साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली तशी माय भिंतीला टेकून उभी राहिली.

"हाई डोकं कोनं शे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. कुणाचं ते माहीत नसतं."

"बाईनं शे का माणूसनं?"

हाच प्रश्न परीक्षेतही विचारतात. मी कवटी हातात घेऊन सांगितलं, "बाईचं असावं. बघ ना, भुवईचं हाड सपाट आहे, कपाळ सरळ आहे."

 मायने गठ्ठ्यातून एक पांढरं फडकं काढलं आणि कवटीवर घातलं. अभ्यास झाला की मी ती झाकून ठेवावी, एवढंच तिचं म्हणणं. पुढे मी विसरले तर ती स्वतः झाकायची, आणि झाकताना फडकं कपाळावरून नीट खाली ओढायची.

अभ्यासाला बसले, पण गत तीच. पाठ व्हायचं आणि तोंडातून निघायचं नाही. आठ दिवस असे गेले. आबा कोपऱ्यात बसून बघत होते. त्यांच्याकडेही करायला काही नव्हतं. एका दुपारी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"माले दखाड," ते म्हणाले.

"काय दाखवू? हे इंग्रजी आहे, आबा."

"भोकं दखाड."

आबा चौथी शिकलेले. मी वहीच्या कागदावर कवटीच्या तळाचं चित्र काढलं, प्रत्येक छिद्राला आकडा दिला आणि त्या आकड्यापुढे देवनागरीत इंग्रजी नाव लिहिलं. फोरामेन ओव्हेल. फोरामेन रोटंडम. त्यातून जाणारी नस कोणती, तेही. त्यांनी दोन दिवस तो कागद पुढ्यात ठेवून कवटी फिरवली. वीस वर्षं मागाच्या बारीक फणीतून धागे ओवलेली बोटं होती ती, एकदा पाहिलेलं भोक विसरत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी खराट्याची काडी घेतली आणि परीक्षकासारखे ताठ बसले.

काडी आत गेली. मी उत्तर दिलं. आबांनी मान हलवली, नाही.

"बरोबर आहे ते!"

"काय बोलनी, दिसनं नही. तोंड उघाडीसन बोल."

ते माझे ओठ वाचत होते. मी पुटपुटले की त्यांना काही कळायचं नाही, आणि कळलं नाही की ते काडी पुढे सरकवायचे नाहीत. परीक्षकांसमोर माझी जी वाचा बसली होती ती या माणसापुढे बसून चालणार नव्हती. शब्द तोंडात गोल करून, दात ओठ दाखवून, प्रत्येक अक्षर वेगळं काढावं लागायचं. मी चिडायचे, कागद फेकायचे. एकदा म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही त्याला मी काय करू?" त्यांनी तेही ओठांवरून वाचलं. काडी न हलवता ते तसेच बसून राहिले, आणि मला पुन्हा तेच उत्तर द्यावं लागलं.

असे दीड-दोन महिने गेले. मग एके दिवशी कवटीची टोपी काढून आम्ही आतली बाजू घेतली. आत कानाच्या मागे एक कठीण, उंचवट्यासारखं हाड असतं, आणि त्याच्या पाठीवर एक छोटं छिद्र. आबांनी काडी तिथे लावली.

"सातवी आणि आठवी," मी म्हणाले. "सातवी चेहऱ्याची."

"आनि आठवी?"

 "ऐकायची."

त्यांनी कवटी जवळ घेतली. काडी हळूच आतबाहेर केली, किती खोल जाते ते बघितलं. मग स्वतःच्या कानामागचं हाड बोटाने चाचपलं. त्या दिवशी पुढचं छिद्र घेतलंच नाही.

"दवाखाना तुना कॉलेजनाच शे ना?" ते जेवताना म्हणाले.

मी त्यांना कानाच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेले. डॉक्टरांनी धातूचा चिमटा ठोकून कानाशी धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडाला थरथर लागली तशी आबा हसून म्हणाले, "आलं! आलं!" डॉक्टरांनी माझ्या पिशवीतला ॲप्रन पाहिला आणि गुजरातीत विचारलं, कितवं वर्ष. पहिलं, मी म्हणाले. "मग तुला समजावून सांगायला नको," ते हळूच म्हणाले. "आवाजाने आतलं सगळं झिजलंय. हे पुन्हा उगवत नाही. राहिलंय तेही जाईल." कानाला लावायचं यंत्र आणलं तर थोडा उपयोग होईल, पण फार धरून बसू नका, म्हणाले. त्याची किंमत ऐकूनच मी तो विचार सोडला. चिठ्ठीवर त्यांनी ताकदीच्या लाल गोळ्या लिहून दिल्या, कोरा कागद द्यायचा नाही म्हणून.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय बोलना?"

"गोळ्यांनी फरक पडेल म्हणाले," मी सांगितलं. "हळूहळू."

खोटं बोलताना मी शब्द अगदी स्वच्छ उच्चारले. तोपर्यंत ते मला चांगलं जमायला लागलं होतं.

आबा नेमाने गोळ्या घ्यायला लागले. रोज सकाळी घरातलं गजराचं घड्याळ उचलून आधी डाव्या, मग उजव्या कानाशी धरायचे. पहिल्या आठवड्यात काही बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांचा चेहरा उजळला. मायला हाक मारून त्यांनी सांगितलं, आज टिकटिक येतेय, बारीक, पण येतेय. माय माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळ हातात घेतलं. काटे रात्रीच्या दोनवर थांबलेले होते. आदल्या दिवशी किल्ली द्यायची राहिली होती.

मी घड्याळाला किल्ली दिली आणि जागेवर ठेवलं. त्या दिवशी अभ्यासात एकही ओळ डोक्यात शिरली नाही. या माणसाच्या जिवावर मी बोलायला शिकले होते आणि त्यालाच फसवत होते. सांगितलं तर ते कोलमडतील असं वाटायचं, नाही सांगितलं तर रोज सकाळी ते घड्याळ. मायला मी दवाखान्यातून आल्यावरच खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगून टाक." मी म्हणाले, "तू सांग." ती म्हणाली, "माझं ते मानणार नाहीत. डॉक्टर तू होणार आहेस."

परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते. आबांनी नेहमीसारखी काडी घेतली. सगळी छिद्रं क्रमाने झाली. शेवटी त्यांनी काडी पुन्हा त्या कानामागच्या हाडाच्या छिद्रात घातली. मी सांगितलं, सातवी, आठवी, चेहरा, ऐकणं. त्यांनी काडी काढली नाही.

"आठवी खराब व्हयनी तं बरी व्हस का?"

मी खाली बघितलं.

"इकडे देख. परीक्षामा इचारं तं काय सांगशी?"

त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. उत्तर त्यांना आधीच माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पुटपुटून चालणार नव्हतं. मी तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "नाही होत, आबा. कधीच नाही होत."

त्यांनी मान हलवली. या वेळी होकाराची. काडी काढून दुसऱ्या छिद्रात घातली.

"पुढलं," ते म्हणाले.

पुढच्या छिद्रातून नववी, दहावी आणि अकरावी जाते. मी रडत रडत सांगितलं. रडताना ओठ वाकडे होतात, त्यांना कळलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी लाल गोळ्यांची बाटली आबांनी खिडकीतून फेकली होती आणि घड्याळ मायनेच उचलून फळीवर ठेवलं होतं. आबा त्यानंतर चार-पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवायला उठवलं तर उठायचे, दोन घास खाऊन पुन्हा पडायचे. पण दुपारी ठरल्या वेळी उठून काडी घ्यायचे.

परीक्षा झाली. या खेपेला परीक्षक वेगळे होते, बाहेरगावचे, म्हातारे. कवटी मी सरळ धरली. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका छिद्राला लावलं आणि मी सुरू झाले. नसेचं नाव, ती कुठून निघते, कुठे जाते, तुटली तर काय होतं, सगळं एका दमात, आबांपुढे बोलायचे तेवढ्या मोठ्याने. त्यांनी हात वर केला.

"धीमे बोल, बेटा," ते हसून म्हणाले. "हुं बहेरो नथी."

मी बहिरा नाही, एवढंच ते म्हणाले, आणि मी जागच्या जागी हुंदके द्यायला लागले. त्यांना वाटलं, आपण रागावलो असं या मुलीला वाटलं. त्यांनी पाणी मागवलं, थांबले, आणि मग आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्हीची उत्तरं मी हळू आवाजात दिली.

जेमतेम पास झाले. घरी येऊन आबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पास." त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी कानामागे हात धरून ते पुन्हा बोलायला लावलं. मायने साडीच्या पदराने तोंड पुसलं आणि कामाला लागली.

आबांना मागावर पुन्हा कुणी घेतलं नाही. पावसाळा संपता संपता पलसाण्याच्या एका रंगकारखान्यात कापडाच्या घड्या घालायचं काम मिळालं. तिथे ऐकायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी मी बसने बरोबर गेले. रस्त्यावरच्या खुणा दाखवल्या, इथे पेट्रोल पंप, मग मोठी चिमणी, मग उतरायचं. दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले. बसमध्ये गर्दी होती, खिडकी दिसली नाही. कंडक्टर पलसाणा म्हणून ओरडला असणारच. बस पुढे निघून गेली. आबा कितीतरी लांब उतरले आणि हायवेच्या कडेने उन्हात चालत मागे आले. कारखान्यात पोचले तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. संध्याकाळी घरी आले तर पायाला फोड होते.

त्यांनी पाय धुतले आणि मला म्हणाले, "गुजरातीमा एक चिठ्ठी लिखी दे. कंडक्टरले दखाडाले."

मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही. पलसाणा आलं की हात लावून सांगा.

खात्यात, गल्लीत, नातेवाइकांत, आजवर त्यांनी हे कुणालाच आपण होऊन सांगितलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. वाचता येत नसलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"पहिलं वाक्य खोडी टाक," ते म्हणाले.

"मग हात का लावायचा ते कंडक्टरला कसं कळेल?"

त्यांनी विचार केला. माय कात्री थांबवून आमच्याकडे बघत होती.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, आणि पुठ्ठा सदऱ्याच्या खिशात ठेवून जेवायला बसले.